कडब्याच्या पचनीयतेचाही आकडा छापा

प्रति,
मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी



रब्बीच्या तोंडावर विद्यापीठाची वाणांची शिफारस आम्ही बारकाईने वाचतो. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हेक्टरी धान्य किती, कडबा किती, सगळे क्विंटलमध्ये. तो कडबा जनावराच्या अंगी किती लागणार, हे मात्र ‘पौष्टिक’, ‘पाचक’ अशा एखाद्या विशेषणावर भागते. तिथे आकडा हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या करमाळा-मंगळवेढ्याकडे ज्वारी भाकरीसाठी पेरतात, तितकीच दावणीसाठी. 1964 साली सीएसएच-1 हा संकरित वाण आला आणि पुढे खरिपात संकरित ज्वारी पसरली. रब्बीत मात्र 1930च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी शेतकऱ्याने सोडली नाही. त्यामागे भाकरीची चव आहे, तसा कडबाही आहे.

बाजारात व्यापारी पेंढी सोडतो, पाला चुरगाळून बघतो, ताटाचे पेर मोडून दाताखाली धरतो आणि मग शेकड्याचा भाव बोलतो. त्याची पारख खोटी नाही. आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या बाजारातला ज्वारीचा कडबा तपासला. पचनीयता 47 टक्क्यांवरून 52 वर गेली की भाव पाव पटीने चढतो, असे त्यांना दिसले. फक्त पाच टक्क्यांचा फरक! पण ही परीक्षा काढणीनंतरची. बियाणे घेताना शेतकऱ्याच्या हाती काहीच नसते.

गव्हाणीत काय होते ते बघा. गाय आधी पाला ओढते आणि जाड ताटांचे चघाळ मागे ठेवते. कडब्यात प्रथिने मुळात 3 ते 5 टक्के, आणि साधारण 7 टक्क्यांच्या खाली वैरण गेली की कोठीपोटातले जिवाणूच अर्धपोटी राहतात. खाणे मंदावते, दूध तुटते. मग चघाळ उकिरड्यावर जाते आणि सरकी पेंडीचे पोते उधारीवर येते. लहान गोठेवाल्याचे कंबरडे इथेच मोडते.

धान्य घटवा, असे आमचे मागणे नाही. चांगले धान्य आणि पचनाला चांगला कडबा एकाच वाणात मिळू शकतो, हे ज्वारीवरच्या चाचण्यांत दिसलेले आहे. तुमच्या चाचणी प्लॉटवर कडब्याचे वजन होतेच. त्याच पेंढ्यांतली मूठभर कुट्टी दळून तपासायची. निअर इन्फ्रारेड यंत्र प्रयोगशाळेतल्या निकालांशी एकदा जुळवून घेतले, की नमुन्याला काही मिनिटे पुरतात. नमुने केंद्राच्या रानातलेच नकोत. पाण्याचा ताण बसलेल्या, खडखड्या रोगाने ताटे लोळलेल्या आमच्या शेतातलेही घ्या. वरचढ ठरलेले वाण दावणीला घालून उरलेले चघाळ तोला, आणि रोज वैरण टाकणाऱ्या बायांना त्यांचे मत विचारा.

शिफारशीच्या तक्त्यात पचनीयता आणि प्रथिने असे दोन रकाने वाढवावेत, आणि तुलनेला मालदांडीचे आकडे शेजारी द्यावेत. सुरुवात वर लिहिलेल्या चार वाणांपासून केली तरी चालेल.

आपला,
करमाळा तालुक्यातील एक ज्वारी उत्पादक