सरोवराकाठची उतारशाळा

लग्नाच्या वाढदिवसासाठी कर्ज काढून जेवणावळी घालू नका, असे आम्ही वेदीवरून कित्येकदा सांगितले आहे. गेल्या वर्षी हा उपदेश आमच्याच अंगाशी आला. आमच्या धर्मग्रामातील एका दांपत्याच्या विवाहास चाळीस वर्षे पुरी होत होती. मंडप, आचारी, गावजेवण असा बेत मुलांनी आखला होता आणि त्यासाठी पतपेढीकडे अर्जही तयार होता. अशात एके दिवशी संध्याकाळची जपमाळ आटोपल्यावर काकू एकट्याच आमच्याकडे आल्या.

"फादर, आचारी ठेवला तरी कांदे चिरायला मीच बसणार. मला एकदा अशा ठिकाणी न्यायला सांगा, जिथे पहाटे उठून चूल पेटवायची नाही."

कोठे जावे, हेही त्यांचे ठरलेले होते. त्यांच्या स्वयंपाकघरात एका जुन्या दिनदर्शिकेचे पान कैक वर्षे खिळ्याला टांगलेले आहे. महिने फाटून गेले, चित्र राहिले. निळे पाणी आणि त्यात उभा असलेला पांढरा महाल. ते उदयपूरचे पिछोला सरोवर होय.

यावर आम्ही जे उत्तर दिले ते आम्हांस फारसे शोभले नाही. लॉजमध्ये उतरणे आपल्या माणसांना बरे दिसत नाही, त्यापेक्षा एखाद्या मठात सिस्टरांकडे सोय पाहू, असे आम्ही म्हणालो. आपल्या खेड्यांत लॉज या शब्दाला जो वास येतो, तो आमच्याही नाकात होताच. काकू हसल्या. म्हणाल्या, "सिस्टर स्वयंपाक करीत आहेत आणि मी बाहेर बसून आहे, हे व्हायचे नाही, फादर." हे खरेच होते. पहिल्याच दिवशी मठाच्या स्वयंपाकघरातील पोळपाट त्यांच्या हाती गेला असता.

एवंच, तीन राजांचा सण आटोपल्यावर काका, काकू, काकूंच्या विधवा नणंदबाई आणि सोबतीला आम्ही, असे चौघे निघालो. बडोद्याहून अहमदाबाद, आणि तेथे असारवा स्थानकावर गाडी बदलून उदयपूर. हा लोहमार्ग पूर्वी अरुंद रुळांचा होता. तो रुंद होऊन २०२२ च्या ऑक्टोबरअखेर थेट गाड्या सुरू झाल्या, त्यामुळे प्रवास सुसह्य झाला आहे. डुंगरपूरच्या आसपास डोंगर लागतात, तेव्हा नणंदबाईंनी जपमाळ खाली ठेवली ती बराच वेळ उचलली नाही.

आमचा लॉज सरोवराच्या पश्चिम तीरावर, हनुमान घाटाच्या बाजूला होता. एका खोलीचे भाडे दिवसाला अकराशे रुपये. खाट करकरत होती, रजईला ओल्या पोत्याचा वास येत होता, भिंतीला ओल आली होती आणि खिडकीची कडी सुतळीने बांधलेली होती. आंघोळीचे गरम पाणी सकाळी सातनंतर बादलीने मिळे, तेही माणशी एक बादली. आम्ही रागानेच खाली उतरलो. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होता. तो म्हणाला, "मागच्या बाजूला मोठी खोली आहे, गीझर आहे, भाडेही तीनशे रुपये कमी, पण तिथून पाणी दिसत नाही." आम्हांला हा सौदा फायद्याचा वाटला. थंडी कडक होती, आणि पैसे काका-काकूंचे होते. ही आनंदाची वार्ता घेऊन आम्ही वर गेलो, तो काकूंनी झाडू मागवून खोली झाडली होती, रजया सज्जाच्या कठड्यावर टाकल्या होत्या आणि स्वतः कडीची सुतळी सोडून खिडकी उघडून उभ्या होत्या.

"ही खिडकी सोडून मागे जायचे?" एवढेच त्यांनी विचारले. आम्ही पुन्हा खाली गेलो.

त्या खिडकीतून जे दिसत होते त्याविषयी दोन शब्द लिहितो. समोरच्या तीरावर राण्यांचा राजवाडा लांबच लांब उभा आहे. मावळतीच्या उन्हात त्याच्या भिंती साईसारख्या पिवळसर होतात. पहाटे मात्र सूर्य त्याच्या पाठीमागून येतो, म्हणून राजवाडा बराच वेळ काळा राहतो आणि पाणी त्याच्या आधी उजळते. पाण्यात जगनिवास हा तो चित्रातला पांढरा महाल. महाराणा दुसरे जगतसिंह यांनी तो १७४३ ते १७४६ या काळात बांधविला, आणि १९६३ साली त्याचे हॉटेल झाले. तेथील एका रात्रीच्या भाड्यात आमच्या लॉजमध्ये महिनाभर सहज राहता यावे. काकांनी यावर मोठी मार्मिक गोष्ट काढली. ते म्हणाले, "फादर, आपल्याला इथून त्यांचा महाल दिसतो. त्या बिचाऱ्यांना तिथून आपल्या वाळत घातलेल्या रजया दिसत असतील."

सरोवर राजाने बांधले असा समज होतो, पण मूळ बांध १३६२ साली धान्य वाहणाऱ्या एका बंजाऱ्याने घातला असे सांगतात. महाराणा उदयसिंह यांनी पुढे सोळाव्या शतकात उदयपूर वसविले तेव्हा तो वाढविला. शहराला पिण्याचे पाणी आजही या सरोवरांतून मिळते. काकूंना हे कळले तेव्हा त्यांनी आपली एक बादलीही अर्धीच वापरली. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत हे पाणी आटून तळ उघडा पडला होता. पावसाने साथ दिली तरच त्या महालाच्या पायाशी पाणी, नाहीतर चिखल, मग भाडे कितीही असो.

आमच्या उशीविषयीही सांगितले पाहिजे, कारण ती दगडासारखी होती. त्या रात्री झोप येईना तेव्हा मार्कचे शुभवर्तमान आठवले. गालीलच्या सरोवरात वादळ उठले असता आपला प्रभू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता, अशी नोंद त्यात आहे. ती उशी कोळ्यांच्या नावेतली. ती काही मऊ पिसांची नसावी. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूसाठी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले होते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे ती उतारशाळाही कष्टकऱ्याच्या खिशातलीच असणार. असा हिशेब करता करता केव्हातरी डोळा लागला.

पहाटे साडेचारला सज्जात खुडबुड झाली म्हणून आम्ही उठलो. काकू शाल पांघरून बाहेर बसल्या होत्या. चाळीस वर्षांच्या सवयीने जाग आली होती, आणि करायला काहीच नव्हते. आम्ही दारातच थांबलो. थोड्या वेळाने काका बाहेर आले. त्यांनी बायकोला आत बोलावले, ती गेली नाही. मग ते जिना उतरून गेले. खालचा पोऱ्या झोपलेला होता; त्याला न उठवता काकांनी त्याच्या स्टोव्हवर स्वतः चहा केला आणि दोन पेले घेऊन वर आले. एक पेला त्यांनी काकूंच्या हातात दिला.

काकूंनी घोट घेतला. "साखर विसरलात."

"मला कुठे ठाऊक किती घालतात ते," काका म्हणाले. मग जरा थांबून, "तू किती घेतेस?"

काकूंनी लगेच उत्तर दिले नाही. समोर पाणी राखाडी होत होते. आम्ही दार लोटून आत आलो. त्या दोघांचे पुढे काय बोलणे झाले ते आम्हांस माहीत नाही, आणि ते माहीत असण्याचे कारणही नाही.

रविवारी तेथील धर्मबंधूंसमवेत मिस्सा झाली. उदयपूर १९८४ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, आणि बांसवाडा, डुंगरपूरकडील भिल्ल ख्रिस्ती कुटुंबे त्यात येतात. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहू.

तीन रात्रींचा सगळा खर्च, गाडीभाडे आणि नौकेची एक फेरी धरून, चौघांचा मिळून सोळा हजारांच्या आत बसला. पतपेढीचा अर्ज मुलांनी फाडून टाकला. निघताना काकूंनी चादरींच्या घड्या घातल्या, पेले विसळून पालथे ठेवले. व्यवस्थापक "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिला. परतल्यावर गावात थोडी कुजबुज झाली. या वयात लॉजमध्ये, आणि तेही फादरांना घेऊन! एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला तोंडावर विचारले की हा पैसा देवळाच्या कौलांना दिला असता तर काय बिघडले असते? आम्ही त्यांना सांगितले की काकूंनी कौलांसाठी दरवर्षी दिले आहे, आणि पावत्या आमच्याकडे आहेत. ते गृहस्थ अद्याप आमच्यावर थोडे रुष्ट आहेत. असो.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर तीन बाया देवळाच्या मागच्या दाराशी थांबल्या होत्या. त्यांना भाडे विचारायचे होते. आम्ही भाडे सांगितले, गरम पाण्याची वेळ सांगितली, उशी घरून न्या म्हणून सांगितले. आणि मागची खोली घेऊ नका, हेही सांगितले.