रद्दीतला इतिहास

दिवाळी जवळ आली की आमच्या माळ्यावरचे सामान खाली उतरते आणि माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. "अहो, ती पेटी एकदाची रिकामी करा ना! नुसती वाळवी पोसताय," असे सौभाग्यवती दरसाल म्हणते. मी 'हो' म्हणतो, पेटीवरची धूळ झटकतो आणि तिला पुन्हा माळ्यावर चढवतो.

पेटीत जळगावच्या आमच्या जुन्या घरातले उरलेसुरले कागद आहेत. बाकीचे मी लहान असताना अशाच एका दिवाळीत विकले गेले. त्यात मोडी कागदांचा एक रुमाल होता. रद्दीवाल्याला हाक मारायला मीच धावलो होतो आणि आलेल्या पैशांच्या फुलबाज्या मीच उडवल्या. "आपण तापी ओलांडून आलो," असे आजी सांगायची. कोणत्या तीरावरून, कधी, कशासाठी, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हते. तो रुमाल असता तर कदाचित कळले असते.

परवा एका लग्नाच्या निमित्ताने धुळ्याला गेलो. मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून राजवाडे संशोधन मंडळात डोकावलो. तिथल्या जुन्या कागदांसमोर उभा राहिलो आणि त्या फुलबाज्या आठवल्या.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी जन्मभर एकच उद्योग केला. लोक जे रद्दी म्हणून टाकत, ते त्यांनी वेचले. ऐन तारुण्यात पत्नी गेली. पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडावे, हाताने रांधून खावे, वाड्यावाड्यांतून दप्तरे मागावीत. कुणी देई, कुणी दारातूनच परत पाठवी. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात पानिपताच्या काळातली पत्रे होती. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला होता. आपल्या राज्याची हकीगत आपल्याच कागदांतून आणि आपल्याच भाषेत सांगितली पाहिजे, हा राजवाड्यांचा हट्ट. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी मराठीतच लिहिले.

पण मला त्यांचा दुसरा नाद अधिक जवळचा वाटतो. साम्राज्ये कोणी मिळवली आणि कोणी घालवली, एवढ्यावर ते थांबले नाहीत. ही माणसे मुळात इथे आली कुठून, हा प्रश्न त्यांना छळत असे. त्यासाठी त्यांनी गावांची नावे, आडनावे, बोलींतले शब्द तपासले. १९२४ साली 'महिकावतीची बखर' छापली, तीही उत्तर कोकणात कोण कोण येऊन वसले याचा माग काढीत. त्यांची पुष्कळ अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी मोडीत काढली. परंतु राजाच्या वंशावळीइतकीच रयतेच्या वाटचालीचीही चौकशी करावी, ही त्यांची शिकवण कुणाला मोडता आली नाही.

आमच्या खानदेशाला तर ती फारच लागू. इथे फारुकींनी राज्य केले, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, मग मराठे आले, १८१८ नंतर इंग्रज. झेंडे बदलत गेले. माणसे गुजरातेतून आली, माळव्यातून आली, दुष्काळाने उठली, पुन्हा वसली. एकट्या अहिराणीतच बघा, शेजारच्या किती बोलींच्या खुणा सापडतात! राज्ये बखरीत राहिली; माणसांची ये-जा मात्र घरच्या कागदांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली.

राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. अखेरची वर्षे मात्र धुळ्यात गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. मागे इस्टेट कसली? कागदच! धुळेकरांनी ते रद्दीत जाऊ दिले नाहीत. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे मंडळ उभे केले.

घरी परतल्यावर मी पेटी उघडली. सौभाग्यवतीला वाटले, चला, सुटलो! मी एकेक कागद उन्हात पसरला, झटकला आणि नव्या फडक्यात बांधला. नातू शेजारी येऊन बसला.

"आजोबा, यात काय लिहिलंय?"

"मला मोडी येत नाही रे बाळा."

"मग मी शिकू का?"

यंदा त्याला फुलबाज्या मी दोन पाकिटे जास्त आणल्या आहेत. स्वतःच्या पैशांनी.