थर्मोस्टॅट 'ऑप्शनल' नसतो हो!

गेल्या शनिवारी एडिसनला मित्राकडे गेलो होतो. पोराला नवा लेपर्ड गेको आणलाय. काचेची टाकी, तळाला चिकटवलेला हीट मॅट, आणि मॅटची पिन थेट भिंतीत. "थर्मोस्टॅट कुठाय?" तर म्हणे, "दुकानदार म्हणाला ऑप्शनल आहे. वाळवंटातला प्राणी रे, त्याला काय होतंय?"

च्यायला! अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ माळांवरचा हा प्राणी दिवसभर दगडांच्या फटीत दडतो आणि बाहेर पडतो तो संध्याकाळी. तापलंच तर सरकायला अख्खा डोंगर असतो. इथे जेमतेम दोन फूट! फीडबॅक नसलेला कंट्रोल लूप ऑफिसात लिहिला तर रिव्ह्यूमध्ये जोडे पडतील. घरी जिवंत प्राण्याखाली मात्र चालतो.

मी शहाणा नव्हतो. माझ्या पहिल्या गेकोच्या पोटावरचा भाजल्याचा चट्टा व्हेट बाईंनी दाखवला, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

बरं, थंड ठेवूनही भागत नाही. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पोटातच कुजतं. गरम टोकाची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसरं टोक २५च्या आसपास, दोन्हीकडे लपायला जागा. आणि प्रोब जमिनीवर ठेवा! काचेला चिकटवलेली ती गोल तबकडी हवेचं तापमान सांगते, पोटाखालचं नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या तरी आमचं भांडण चालूच. शेवटी थर्मोस्टॅट मागवला, सोमवारी येतोय. तोवर मॅट बंद, आणि किडे खायला घालणंही बंद.