गृहनिर्माण संस्थांच्या संगणकीय दप्तरासाठी सुरक्षित व्यवस्था ठरवून देण्याबाबत निवेदन

इंदिरानगर, नाशिक
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. जिल्हा उपनिबंधक,
सहकारी संस्था, नाशिक.

विषय : सहकारी गृहनिर्माण संस्थांनी संगणकीय कागदपत्रे कशी साठवावीत व समितीत कशी वाटून वापरावीत, याचे किमान निकष ठरवून परिपत्रक काढण्याबाबत.

महोदय,

इंदिरानगर, राजीवनगर, चेतनानगर, कलानगर आणि वडाळा-पाथर्डी रस्त्यालगतच्या गृहनिर्माण संस्थांचे आम्ही पदाधिकारी व सभासद आहोत. संस्थेचे दप्तर आता कपाटात कमी आणि संगणकात जास्त असते. ते कुठे ठेवायचे, कोणी पाहायचे आणि मुख्य म्हणजे कोणाच्या नावावर ठेवायचे, हे मात्र प्रत्येक सेक्रेटरी आपापल्या सोयीने ठरवतो. ही सोय मोडून नियम घालून द्यावा, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

आजची स्थिती

आमच्या भागातल्या बऱ्याच संस्था वीस-चाळीस सदनिकांच्या आहेत. पगारी व्यवस्थापक परवडत नाही. सेक्रेटरी बहुधा निवृत्त गृहस्थ किंवा नोकरी सांभाळून काम पाहणाऱ्या ताई असतात. त्यांच्याकडे सभासदांचे करारनामे, सूची क्रमांक दोन, भाग दाखले, आधार व पॅनच्या प्रती, मेंटेनन्सची थकबाकी, इतिवृत्ते आणि वारसनोंदीचे अर्ज जमतात. अंबड व सातपूर औद्योगिक वसाहतींत कामाला येणाऱ्यांमुळे इथे भाडेकरू पुष्कळ. त्यांच्या पोलीस पडताळणीचे कागद वेगळेच. हे सगळे सेक्रेटरींच्या खासगी ई-मेल खात्यात, मुलाच्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विखुरलेले असते. नामनिर्देशनाचा अर्ज ग्रुपवर पडला की कोणी कोणाचे नाव लावले हे सगळ्या इमारतीला कळते, आणि भावंडांच्या वादाला तिथेच तोंड फुटते.

त्याहून मोठी अडचण समिती बदलताना येते. सहकार कायद्याच्या कलम १६० प्रमाणे मावळत्या अध्यक्षाने दप्तर व मालमत्ता नव्या अध्यक्षाच्या ताब्यात द्यायची असते, आणि दप्तर दडपले जाण्याची भीती असेल तर कलम ८० प्रमाणे ते जप्त करण्याचा अधिकार निबंधकांना आहे. पण दप्तर एखाद्याच्या खासगी खात्यात असेल तर ताबा घ्यायचा कशाचा? पासवर्ड त्या माणसाच्या मोबाइलला बांधलेला असतो. तो गाव सोडून गेला, रुसला किंवा वारला, तर संस्थेचा वीस वर्षांचा इतिहास त्याच्याबरोबर जातो. गूगलचे फुकटचे खाते दोन वर्षे वापरले नाही, तर मजकुरासह पुसले जाऊ शकते. कंपनीने तसे धोरण जाहीर केले आहे. कपाट संस्थेचे आणि किल्ली मात्र एकाच्याच खिशात, असा हा प्रकार आहे.

जबाबदारी कायद्याने आलेलीच आहे

कलम ३६ प्रमाणे नोंदणी झालेली संस्था ही निगम निकाय असते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश कंपन्यांबरोबर निगम निकायांनाही उद्देशून आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, असे त्यात सांगितले आहे. आमच्यापैकी किती सेक्रेटरींनी हे ऐकले असेल, याचा अंदाज आपण करू शकता.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्या कायद्यात घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड कोणी लहान सोसायटीला लावणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण माहिती फुटल्यास ज्याची माहिती त्याला कळवणे आणि काम संपल्यावर ती पुसणे या गोष्टी संस्थेला कराव्याच लागतील. आज आपल्याकडे कोणाची कोणती माहिती कुठे आहे हेच संस्थेला सांगता येत नाही. मग गेलेल्या भाडेकरूचे आधार पुसणार कुठून?

पुनर्विकासाचे दप्तर याहून नाजूक. आमच्या भागातल्या जुन्या इमारतींमध्ये आता ती चर्चा घरोघरी आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासक निवडीच्या विशेष सभेचे चित्रीकरण करावे लागते. ते चित्रीकरण, निविदा, वास्तुविशारदाचे अहवाल आणि संमतिपत्रे वर्षानुवर्षे शाबूत राहिली पाहिजेत, आणि निविदा उघडण्याआधी एकाही विकासकापर्यंत पोहोचता कामा नयेत. पंधरा गिगाबाइटच्या फुकट खात्यात, त्यातही घरच्या फोटोंच्या शेजारी, ही जोखीम राहते आहे.

इतरांवर जे गुदरले

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे एमआयडीसीवर, खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला आणि मुंबईच्या मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे संगणकीय काम थांबले. महामंडळाने तेव्हा दिलेल्या माहितीप्रमाणे बॅकअपच्या फायली नेटवर्कच्या वेगळ्या भागात होत्या, म्हणून त्या वाचल्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले आणि केसपेपर हाताने लिहायची वेळ आली. नेटवर्कची नीट विभागणी नसल्याने हल्लेखोर आत शिरले, असे सरकारने संसदेत सांगितले. ई-हॉस्पिटलची माहिती न बाधलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली, हे लोकसभेतील उत्तर देणाऱ्या तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार आपल्याच जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. दोन्ही ठिकाणी तारले ते वेगळ्या ठेवलेल्या प्रतीने.

स्वस्तात मिळणारा नेटवर्क हार्ड डिस्कचा डबा आणून कार्यालयात ठेवावा, असा सल्ला अनेक संस्थांना दिला जातो. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीचे असे डबे, जे थेट इंटरनेटवर उघडे होते, ते हल्लेखोरांनी कुलूपबंद करून पैसे मागितले. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डब्यांमधला लोकांचा मजकूर दूरवरून पुसला गेला. त्या उपकरणाला कंपनीने २०१५ पासून सुधारणा देणे बंद केले होते, तरी लोक ते वापरत होते. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसने विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, एसएमबीची पहिली आवृत्ती, गाठली होती; दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ती अनेकांनी बसवलेली नव्हती. महागडी प्रणाली घेतली म्हणजे सुटलो, असेही नाही. मे २०२३ मध्ये मूव्हइट या मोठ्या संस्थांच्या फाइल हस्तांतर प्रणालीतल्या त्रुटीतून असंख्य संस्थांची माहिती चोरीला गेली. म्हणून आम्ही कोणत्याही एका कंपनीची शिफारस मागत नाही. कोणतीही वस्तू घेताना तपासायचे निकष मागतो.

आमचे मत

लहान संस्थेला स्वतःचा सर्व्हर सांभाळणे झेपत नाही, कारण दर महिन्याची दुरुस्ती करणारा माणूस नसतो. तिने संस्थेच्या नावाने, संस्थेच्या डोमेनवर घेतलेली सशुल्क क्लाउड सेवा वापरावी. अशा सेवेचे पैसे बहुधा खात्यांच्या संख्येप्रमाणे द्यावे लागतात, आणि संस्थेला अध्यक्ष, सेक्रेटरी व खजिनदार अशी तीनच पदांची खाती पुरतात. ज्या मोठ्या संस्थांकडे कार्यालय, पगारी लेखनिक आणि देखभालीचा करार आहे, त्यांनी कार्यालयातच फाइल सर्व्हर ठेवायला हरकत नाही. पण तो राउटरमधून बाहेरच्या जगाला उघडा नसावा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि वॉचमनच्या केबिनमधला वायफाय त्या सर्व्हरच्या जाळ्यात मुळीच नसावा. मेंटेनन्सची बिले काढणाऱ्या मोबाइल ॲपला मात्र दप्तर समजू नये. सेवा बंद झाली की सगळ्या फायली परत मिळतील, असे करारात लिहिलेले असेल तरच ते घ्यावे.

मागण्या

१) संगणकीय दप्तर ठेवण्याचे किमान निकष आपल्या कार्यालयाने परिपत्रकाने प्रसिद्ध करावेत. त्यात पुढील बाबी असाव्यात :

(अ) खाते संस्थेच्या नावावर व पदाच्या ई-मेलवर असावे, व्यक्तीच्या नव्हे. सर्वोच्च ताबा देणारे पासवर्ड व आपत्कालीन कोड सीलबंद पाकिटात दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने संस्थेच्या तिजोरीत ठेवावेत.

(आ) प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची असावी. एकच पासवर्ड सगळ्या समितीत फिरवण्यास मनाई असावी.

(इ) फोल्डर तीन स्तरांचे असावेत : सर्व सभासदांना खुले, उदाहरणार्थ उपविधी, इतिवृत्त, लेखापरीक्षण अहवाल; फक्त समितीसाठी, उदाहरणार्थ निविदा व पत्रव्यवहार; आणि गोपनीय, उदाहरणार्थ नामनिर्देशन, ओळखपत्रे, भाडेकरूंचे कागद. ज्याच्याकडे लिंक आहे तो उघडू शकेल, अशी मोकळी लिंक दुसऱ्या व तिसऱ्या स्तराला चालू नये.

(ई) कोणी कोणती फाइल कधी उघडली, बदलली वा पुसली याची नोंद प्रणालीने आपोआप ठेवावी, आणि जुनी आवृत्ती परत आणता यावी.

(उ) दप्तराच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक इमारतीबाहेर व नेटवर्कपासून तोडलेली असावी. वर्षातून एकदा त्या प्रतीतून फायली प्रत्यक्ष परत आणून पाहाव्यात आणि तशी नोंद समितीच्या इतिवृत्तात करावी.

(ऊ) ज्या उपकरणाला वा सॉफ्टवेअरला उत्पादकाच्या सुरक्षा सुधारणा मिळणे थांबले आहे, ते वापरातून काढावे.

(ए) आधारची प्रत घेणे अटळ असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत घ्यावी. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर ती यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येते.

२) समिती बदलताना भरायच्या ताबा-यादीत संगणकीय दप्तराचा स्वतंत्र तक्ता असावा : खात्यांची यादी, फोल्डरांची यादी, शेवटच्या बॅकअपची तारीख आणि जुन्या पदाधिकाऱ्यांचा प्रवेश बंद केल्याची तारीख. हा तक्ता नसेल तर कलम १६० खालील ताबा अपुरा मानावा.

३) सभासदाला कागदपत्रे पाहण्याचा जो हक्क सहकार कायद्याने दिला आहे, त्याला सुरक्षेच्या नावाखाली बाध येऊ नये, हे परिपत्रकात स्पष्ट लिहावे. आम्हाला कुलूप हवे आहे ते चोरासाठी, हिशेब विचारणाऱ्या सभासदासाठी नव्हे.

४) लेखापरीक्षकांच्या तपासणीत संगणकीय दप्तराविषयी ताबा, बॅकअप व प्रवेश हे तीन प्रश्न समाविष्ट व्हावेत, यासाठी आपण शिफारस करावी.

५) माहिती फुटली वा फायली कुलूपबंद झाल्या तर सेक्रेटरीने पहिल्या तासात काय करावे, याचे एका पानाचे मराठी पत्रक काढावे : संगणक नेटवर्कपासून तोडणे, खंडणी न देणे, १९३० या सायबर मदत क्रमांकावर व सायबर पोलिसांकडे तक्रार देणे, सर्ट-इनला ६ तासांत कळवणे आणि संबंधित सभासदांना सांगणे. घाबरलेला माणूस पहिल्यांदा फायली पुसतो, आणि पुरावाही पुसला जातो.

६) समिती सदस्यांच्या प्रशिक्षणात या विषयाचे एक सत्र मराठीतून, प्रात्यक्षिकासह ठेवावे. इंदिरानगरात जागा व संगणक उपलब्ध करून देण्याची आमची तयारी आहे.

७) हे निकष आदर्श उपविधींत यावेत आणि आवश्यक तर कलम ७९अ खाली शासनाने निर्देश द्यावेत, असा प्रस्ताव मा. सहकार आयुक्तांमार्फत पाठवावा. नाशिकमध्ये महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालील इमारती मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या असोसिएशननाही हे परिपत्रक मार्गदर्शनासाठी द्यावे.

कालमर्यादा व खर्च

परिपत्रक ९० दिवसांत निघाल्यास संस्था ते ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत स्वीकारू शकतील, अंदाजपत्रकात तरतूद करतील आणि मे २०२७ पूर्वी तयार राहतील. ते यंदा झाले नाही, तर पुढची वार्षिक सभा बहुधा त्या जबाबदाऱ्या लागू झाल्यानंतरच येईल. आपल्या कार्यालयावर यात सॉफ्टवेअर खरेदीचा भार नाही. खर्च संस्था करतील. कार्यालयाने नियम करावा आणि तपासावा.

याबाबत चर्चेसाठी आमच्या पाच प्रतिनिधींना वेळ द्यावी. परिपत्रकाचा कच्चा मसुदा, ताबा-यादीचा नमुना आणि तीन स्तरांच्या फोल्डरची रचना आम्ही तयार करून सोबत आणू. त्यात आपण सुधारणा कराव्यात, नाकारायचे ते नाकारावे. पण कारणांसह लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
इंदिरानगर परिसरातील गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी व सभासद
(स्वाक्षऱ्यांची यादी स्वतंत्र जोडली आहे)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :
१) मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे
२) मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर