निमंत्रक कोण?

तुळशीचं लग्न लागलं की हापिसात टेबलावर आणि मोबाईलवर पत्रिकांचा पाऊस सुरू होतो. बाकीची मंडळी कागद किती जाड, सोनेरी छपाई आहे का, ते बघतात. मी आधी 'निमंत्रक' बघतो. दिवसभर कोडमधल्या चुका शोधायचा धंदा, दुसरं काय! आणि दर सीझनला एक तरी पत्रिका अशी येते की डोकं फिरतं.

सुरुवात अशी: आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे पुतणे चि. अमुक (कै. तमुक यांचे कनिष्ठ चिरंजीव)... खाली निमंत्रक म्हणून काका. मग आत्या, मामा, झाडून सगळे भाऊबंद. गावाकडची पत्रिका असेल तर दोन-चार पुढारीही. तळाला 'किलबिल', म्हणजे ज्यांना अजून धड बोलता येत नाही ती पोरं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असा आग्रह करतायत.

आणि नवऱ्यामुलाची आई? कुठ्ठे नाही.

म्हणजे बघा, जे हयात नाहीत त्यांचं नाव आहे. दोन वर्षांच्या पुतणीचं आहे. ज्या बाईनं एकटीनं हे पोर वाढवलं आणि कार्यालयाचा ॲडव्हान्स भरला, तीच गायब. कारण ती विधवा आहे.

यात कोणी बसून दुष्टपणा करतं असं मला वाटत नाही. मजकुराचा साचाच तसा आहे. आपण छापतो 'सौ. व श्री. अमुक'. यात बाईचं स्वतःचं नाव मुळातच नाही, ती नवऱ्याच्या नावाला टेकून उभी आहे. नवरा गेला की 'श्री.'चं 'कै.' होतं, 'सौ.' उडतं, आणि त्याबरोबर बाईसुद्धा. नववधूला आपण 'चि. सौ. कां.' म्हणजे सौभाग्यकांक्षिणी लिहितो ना, त्याच सौभाग्याची ही दुसरी बाजू.

माझ्या मावशीच्या मुलाच्या लग्नात हे जवळून बघितलं. काका गेले तेव्हा पोरगा सातवीत होता. पुढचं सगळं मावशीनं केलं, नोकरी सांभाळून. पत्रिका निवडायला आम्ही गिरगावात खाडिलकर रोडला गेलो. दुकानदारानं आल्बम उघडला आणि विचारलं, "वडील आहेत?" नाहीत म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "मग काकांचं नाव सांगा." मावशी समोर बसलेली! मी म्हटलं, निमंत्रक आई. तो म्हणाला, "साहेब, तसा मजकूर नसतो." मावशीपण म्हणाली, "जाऊ दे रे, भावजींचं घाल. लोक काय म्हणतील?"

शेवटी पोरगाच बोलला, "आई, बोलावणार तू, तर नाव तुझंच." तसंच छापलं. थोरले काका दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी त्याच पत्रिका घेऊन स्वतः गावात वाटून आले. आभाळ कोसळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, परंपरा आहे. कसली परंपरा राव? छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर कोरलड्रॉची एक जुनी फाइल असते, तिच्यात नावं बदलत जातात. आमच्या भाषेत त्याला डिफॉल्ट म्हणतात. डिफॉल्ट म्हणजे कायदा नव्हे, तो बदलता येतो. आणि जागा नाही हे कारणही नको. व्हॉट्सॅपवरच्या व्हिडिओ पत्रिकेत फुलं आणि मोर नाचवायला जागा असते, आईच्या नावाला नसते?

दुसरा मुद्दा, "तिलाच नको असतं." जिला वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही, ती पहिल्या फटक्यात 'हो' कशी म्हणेल? आणखी दोनदा विचारा. तरी नको म्हणाली तर तिची मर्जी. पण विचारतंय कोण?

मग प्रश्न येतो नावाआधी काय लावायचं. २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गं. भा.' वापरण्याचा विचार मांडला, त्यावर बरीच टीका झाली. माझं म्हणणं सोपं आहे, काहीच लावू नका. नाव, आडनाव, बास. नवरा असलेल्या बाईचंही तसंच लिहा, म्हणजे कोण 'सौ.' आणि कोण नाही हा हिशेबच उरणार नाही.

गंमत म्हणजे गाव आणि सरकार या बाबतीत आपल्या पुढे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. २०२४ मध्ये तर निर्णयच झाला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं. म्हणजे तहसील कचेरीत आईला जागा आहे, आणि पोराच्या लग्नपत्रिकेत नाही. आता बोला!

असो. यंदा कुणाच्या घरी कार्य असेल तर आल्बम उघडायच्या आधी एका कागदावर लिहून न्या की या लग्नाला बोलावतंय कोण. तेच नाव निमंत्रक म्हणून घाला. दुकानदार 'तसा मजकूर नसतो' म्हणाला, तर त्याला सांगा, आता टाइप कर. प्रूफ हातात आलं की आधी तेवढी ओळ तपासा, मुहूर्ताची मिनिटं नंतर.

बाकी कागद कुठलाही घ्या.