शेतकऱ्यातला र

आपल्या भागाचे नाव वऱ्हाड, आणि आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य घरे शेतकऱ्यांची. हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याची गणती नाही. परंतु हे दोन्ही शब्द ज्या एका खुणेवर उभे आहेत, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्या डाव्या अंगाला चिकटलेला तो वळणदार अर्धा र! संस्कृतात तो नाही, हिंदीत नाही. शेजारपाजारी शोधू गेल्यास नेपाळीसारख्या एखाद्या भाषेत तो सापडतो. मराठीने मात्र तो गरजेपोटी राखला आहे. आचार्यास वंदन करावयाचे असते आणि आचाऱ्यास स्वयंपाकाचे सांगावयाचे असते. दर्या मुंबईला, दऱ्या सह्याद्रीत. रफार आला की मागच्या अक्षरावर आघात होतो. हा अर्धा र आला की होत नाही. कान मराठी असेल तर हा भेद शिकवावा लागत नाही.

यंत्राला मात्र तो शिकवावा लागतो. कोणी शिकविला, कसा शिकविला आणि त्यात आपला मराठी वाचकांचा वाटा किती, याविषयी मला जरा स्पष्ट बोलावयाचे आहे.

यंदाच्या अंकासाठी आलेले लेख मी वाचीत होतो. बहुतेक सर्व मोबाइलवर टंकलेले. आपल्याकडे लेख मागविले की निम्म्यांत कापूस आणि शेतकरी असणारच. त्यात वावगे काही नाही. पण शेतकरी हा शब्द प्रत्यय लागून आला की त्याची तऱ्हा पाहण्यासारखी होई. कोणाच्या लेखात ‘शेतकऱ्यांचा’ असे शुद्ध रूप, तर कोणाच्या लेखात ‘शेतकर्यांचा’ असा रफार. ही झाली डोळ्यांना दिसणारी चूक. ती तपासणारा दुरुस्त करील. खरी गंमत पुढे आहे. सर्व लेख एकत्र करून मी तो शुद्ध शब्द संगणकाला शोधावयास सांगितला, तेव्हा डोळ्यांसमोर शुद्ध दिसत असलेले कित्येक ‘शेतकऱ्यांचा’ त्याला सापडलेच नाहीत. माणसाला जे एक दिसते, ते यंत्राच्या लेखी दोन होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतातच तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणावरून घेतली गेली. त्यात साध्या र बरोबर नुक्ता असलेला ‘ऱ’ हेही एक अक्षर आहे. मुळात ते द्राविडी भाषांतील एका निराळ्या र-ध्वनीसाठी ठेवलेले. या ऱ चा पाय मोडला की मराठीचा अर्धा र उमटावा, असा नियम झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘पापणीचा र’ म्हणतात, आणि नाव मोठे चपखल आहे. परंतु युनिकोडच्या आधीच्या आवृत्तीत हाच आकार दुसऱ्या वाटेने काढीत असत : साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. जुने लेखन बिघडू नये म्हणून ती वाटही चालू ठेवली गेली. म्हणजे एका अक्षराची दोन लेखने कायदेशीर झाली. त्यातून एखाद्या सॉफ्टवेअरने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, की उरतो केवळ रफार. आचाऱ्याचा आचार्य होतो आणि शेतकऱ्याचा कोणीच होत नाही.

हा केवळ शुद्धलेखनाचा शौक आहे असे कोणी म्हणू नये. वऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, कऱ्हाडे ही आडनावे घ्या. कर्जमाफी असो, पीकविमा असो, याद्या आता संगणकावर निघतात. एका कागदावर नाव एका वाटेने टंकलेले आणि दुसऱ्यावर दुसऱ्या, तर साध्या शोधात तो माणूस यादीत असून नसल्यासारखा होऊ शकतो. दोन्ही कागद त्याच्या हातात दिले तर तो शपथेवर सांगेल की नाव एकच आहे. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच कथा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवीत, आणि आजही अनेकजण तसेच भागवितात. आपल्या गावातले निम्मे ॲडव्होकेट एका क्रमांकाचे असतील आणि निम्मे दुसऱ्या!

आता क्रमांकावरून आकार कसा उमटतो ते पाहू. जुन्या छापखान्यात जुळारी खिळे जुळवी. कोणता खिळा कोणाशेजारी बसवायचा, रफार कोठे चढवायचा, हे ज्ञान त्याच्या बोटांत असे. संगणकात जुळाऱ्याचे हे काम करणारी एक आज्ञावली असते. प्रत्येक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ती नव्याने लिहावयाची म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून कोणीतरी ती एकदा नीट लिहितो आणि इतर सर्व ती वापरतात. अशा सामायिक आज्ञावलीला त्या क्षेत्रातील लोक ‘लायब्ररी’ म्हणतात. ग्रंथालयाशी तिचे साम्य एवढेच की एकाने ठेवले आणि हजारांनी नेले.

अक्षरे जुळविणारी अशी एक लायब्ररी म्हणजे ‘हार्फबझ’. क्रोम आणि फायरफॉक्स हे दोन्ही ब्राउझर, अँड्रॉइडचे फोन, लिबरऑफिस या सर्वांत ती आहे. आपण मोबाइलवर मराठी वाचतो तेव्हा बहुतेक वेळा हाच जुळारी काम करीत असतो. नाव फारसी आहे. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाबोद हे मूळचे इराणचे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडा. आपणही ‘एक हरफ काढला नाही’ असे म्हणतोच. तोच हा हरफ. ही लायब्ररी मुक्त आहे. तिची प्रत्येक ओळ कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी.

इराणी माणसाला आपल्या रफाराचे आणि अर्ध्या र चे कसे समजले असेल? माझ्या मते या प्रश्नातच सगळे सार आहे. काही त्याने नियमांच्या पुस्तकातून घेतले. काही पारखून घेतले : विकिपीडियावरील मजकुरातून सात लाखांवर देवनागरी शब्द गोळा करून प्रत्येक शब्द आपल्या लायब्ररीकडून जुळवून घेतला आणि मायक्रोसॉफ्टच्या जुळणीशी ताडून पाहिला. जेथे फरक पडला तेथे थांबून कारण शोधले. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ‘तेथे फुकट लिहून काय मिळणार’ असे विचारणारे पुष्कळ होते. तशा फुकट लेखनाच्याच भांडारातून जगाच्या जुळाऱ्याची परीक्षा घेतली गेली, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

आणि काही समजले पत्रांतून. अशा लायब्ररीभोवती ईमेलवरून चालणारा एक जाहीर पत्रव्यवहार असतो. नाव नोंदविलेल्या प्रत्येकाला प्रत्येक पत्र जाते. सर्व पत्रे जपून ठेवली जातात आणि दहा वर्षांनीही कोणालाही वाचता येतात. हल्ली यातील बराचसा व्यवहार गिटहबसारख्या ठिकाणी हलला आहे, पण रीत तीच आहे. या पत्रव्यवहारात पदवी विचारीत नाहीत. विचारतात ते एवढेच : तू काय टंकलेस, काय उमटले, काय उमटावयास हवे होते, आणि फॉन्ट व आवृत्ती कोणती. शक्य तर एकच शब्द दे, परिच्छेद नको. मागे कोणी हेच विचारले आहे का ते आधी शोध. उत्तर कधी तासाभरात येते, कधी महिनोन्‌महिने येत नाही. कधी चार ओळींचा रागही येतो. पण आलेले उत्तर तुमच्या एकट्याचे राहत नाही. काठमांडूतील एखाद्याला तीच अडचण आली की त्याला ते वाचावयास मिळते.

ही रीत परकी आहे असे मला मुळीच वाटत नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये जी पत्रे लिहिली, ती खाजगीत चार मित्रांना सांगता आली नसती काय? ‘विविधज्ञानविस्तारा’त एकाने मत मांडावे, पुढील अंकात दुसऱ्याने त्याचे खंडन करावे, हे वर्षानुवर्षे चालले. विचारावयाचे ते उघड आणि उत्तर द्यावयाचे तेही उघड, ही सवय मराठीला होती. आज आपण प्रश्न विचारतो तो शेजारच्याला, फोनवर. तो एक युक्ती सांगतो, आपले काम भागते आणि ती युक्ती दोघांतच राहते. पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याला तीच अडचण पुन्हा पहिल्यापासून येते.

आपल्या यवतमाळात अखिल भारतीय साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि २०१९ साली अरुणा ढेरे. २०१९ च्या संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका भगिनीच्या हातून झाले. त्या वेळी पाहुण्यांना दिलेल्या आणि मागे घेतलेल्या निमंत्रणाचा वादही देशभर गाजला. मराठीच्या भवितव्याची चिंता अशा मंडपांतून दरवर्षी होते, ती व्हावीच. शासनानेही २००९ साली वर्णमालेसंबंधी निर्णय काढला, २०२२ साली तो अद्ययावत केला. देठाचा श आणि पाकळीचा ल यांचा आग्रह त्यात आहे. आग्रह रास्त आहे. पण पाकळीचा ल पडद्यावर यावा तर फॉन्टमध्ये तो आकार असावा लागतो, आणि पुष्कळदा मजकूर हिंदी नसून मराठी आहे असे यंत्राला सांगावेही लागते. न उमटलेला ल कोणीतरी त्या फॉन्टच्या कर्त्याला दाखवून द्यावा लागतो. शासननिर्णय जुळाऱ्याच्या हाती आपोआप पोहोचत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, ते मी ऐकलेही आहेत. पहिला : हे संगणकवाल्यांचे काम, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा यात काय संबंध? माझे मत नेमके उलट आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यास आज्ञा येतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द आहेत हे त्याला कोण सांगणार? जो व्याकरण शिकला तोच. पुण्यामुंबईचे काही मराठी अभियंते हे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. रेड हॅट कंपनीच्या आश्रयाने वाढलेल्या ‘लोहित’ या मुक्त फॉन्टच्या घडणीत पुण्याच्या मंडळींचा मोठा हात आहे. पण त्यांना तरी वऱ्हाडी बोलीतले शब्द कोठून मिळावेत?

दुसरा आक्षेप इंग्रजीचा, आणि तो खरा आहे. हा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, आणि आपल्या मुलामुलींना चारचौघांत इंग्रजी लिहिण्याची धास्ती असते. लिहिलेले कायमचे राहणार म्हटल्यावर तर अधिकच. मी ही धास्ती हसण्यावारी नेणार नाही. एवढेच म्हणेन की त्या पत्रांत जर्मन, इराणी, जपानी अशा सर्वांचे इंग्रजी असते, आणि मोडक्या वाक्यासोबत नेमका शब्द व एक चित्र असले की काम होते. अलंकारिक निबंधापेक्षा असे पत्र सोपे आहे. आमच्या परीक्षांत दरवर्षी ‘फ्लॅट मिळण्यासाठी अर्ज’ लिहावयास लावतात. त्याऐवजी हे लावावे.

मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींवर होते. एवढ्या मोठ्या भाषेची ही कथा, तर कोलामीचे काय? कोलामी बोलणारे त्याच जनगणनेत सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील पुष्कळसे आपल्याच जिल्ह्यातील. आपल्याकडे कोलामी लिहावयाची तर देवनागरीतच. तिचे ध्वनी त्या लिपीत नीट मावतात की नाही हे कोलामी बोलणाऱ्यानेच सांगावयाचे आहे. गोंडीचे उदाहरण उत्साह देणारे आहे. तिच्या दोन लिप्या युनिकोडमध्ये आल्या. मसराम गोंडी २०१७ साली आणि गुंजाळा गोंडी २०१८ साली. गुंजाळा हे गाव पैनगंगेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात. त्या गावच्या हस्तलिखितांतील अक्षरे आज क्रमांक घेऊन जगभरच्या यंत्रांत जाऊन बसली, ती मोर्चाने किंवा ठरावाने नव्हे. अंशुमन पांडे यांनी प्रत्येक अक्षराचा नमुना जोडून प्रस्ताव लिहिले. ते प्रस्ताव आजही कोणालाही वाचता येतात.

आपल्या महाविद्यालयाने येत्या वर्षी एक लहानसे काम हाती घ्यावे असे मला वाटते. मराठी विभागाने ऱ्य आणि ऱ्ह असलेले वऱ्हाडी शब्द व आडनावे यांची यादी करावी. दोनशे शब्द सहज निघतील. तेच शब्द निरनिराळ्या फोनवर व निरनिराळ्या कळफलकांवर टंकून पाहावेत आणि जेथे बिघडते तेथे पडद्याचे चित्र घ्यावे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ साठी शिफ्ट धरून जे दाबावे लागते, हेदेखील कित्येकांना ठाऊक नसते. तेही टिपणात लिहावे. इंग्रजी विभागाने पत्राचा मसुदा करून द्यावा, सही विद्यार्थ्याची असावी. कोलामी शब्दांची यादी मात्र त्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांनीच करावी आणि आम्ही मास्तरांनी तिला हात लावू नये.