विश्लेषण : सुट्टी घेऊनही मालकाचा थकवा का जात नाही? छोट्या उद्योजकांचे ‘बर्नआउट’ कसे ओळखावे, कसे सावरावे?

शहापूर-मुरबाड रस्त्यावरील सापगाव परिसरात शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या येतात. शहरातील नोकरदार येथे दोन दिवसांची विश्रांती घेऊन परततो. त्याला ती विश्रांती पुरवणाऱ्या फार्महाऊस, ढाबा किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या चालकाचा मात्र हाच सर्वाधिक कामाचा काळ असतो. सोमवारी त्याच्यासमोर बँकेचा हप्ता, वीजबिल आणि कामगारांची मजुरी असते. पोल्ट्री, वीटभट्टी, भातगिरणी, छोटे वर्कशॉप चालवणाऱ्यांची स्थितीही फार वेगळी नसते. हा थकवा नेहमीचा की त्यापुढचा, हे कसे ओळखायचे?

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द शास्त्रीय लेखनात रूढ केला. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री मोफत दवाखाना, असे काम करताना सहकाऱ्यांमध्ये आणि स्वतःमध्ये दिसलेली अवस्था त्यांनी मांडली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. ती २०२२ पासून लागू आहे. तिच्यानुसार हा स्वतंत्र आजार नाही, तर कामातील दीर्घकाळच्या आणि न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम आहे. त्याच्या तीन खुणा आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्याकडून काही नीट होत नाही ही भावना.

रोजच्या व्यवहारात ते कसे दिसते?

साधा थकवा चांगल्या झोपेने कमी होतो. बर्नआउटमध्ये आठ तास झोपूनही सकाळ जड वाटते. ग्राहकाचा फोन वाजला की छातीत धस्स होते आणि तो उचललाच जात नाही. जीएसटीचे विवरणपत्र, उधारीची वही पुढे ढकलली जाते. ऑर्डर दोनदा लिहिली जाते. जुन्या कामगारावर क्षुल्लक कारणाने आवाज चढतो. मोठी ऑर्डर मिळाली तरी आनंद होत नाही.

अशक्तपणा, थायरॉइड, मधुमेह आणि नैराश्य यांतही यातील काही लक्षणे दिसतात. त्यामुळे स्वतःच निदान करण्याऐवजी आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणे योग्य.

मालकाला ते उशिरा का कळते?

नोकरदाराच्या वाढत्या रजा वरिष्ठांच्या नजरेत येतात. मालकावर लक्ष ठेवणारे कुणी नसते. उलट, रात्री अकरापर्यंत दुकानात बसणाऱ्याला गाव ‘कष्टाळू’ म्हणते. त्यामुळे जे धोक्याचे लक्षण, त्याचेच कौतुक होते.

दुसरे कारण जोखमीचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परिसरातील सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करण्याची पावले प्रशासनाला उचलावी लागली. अशा संकटात भरपाई मिळाली तरी पुन्हा उभे राहण्याची चिंता व्यावसायिकाचीच असते. धंदा, घर आणि कर्ज एकाच नावावर असल्याने धंद्यातील अपयश त्याला स्वतःचे अपयश वाटू लागते.

जास्त तास काम करण्याची किंमतही मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण काय सांगते?

मुंबई-नाशिक पट्ट्यातीलच शंभर वर्षांपूर्वीचे हे उदाहरण. चित्रपटकला शिकण्याच्या ध्यासात फाळके यांची झोप कमी झाली, अतिश्रमाने काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारांनी ती परत आली. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. या कामात पत्नी सरस्वतीबाई चित्रफितीच्या तांत्रिक कामापासून कलाकार-कामगारांच्या जेवणापर्यंत भार उचलत होत्या.

१९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. मात्र लवकरच मतभेद झाले. फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये ते कंपनीत परतले. मतभेद मात्र पुढेही सुरूच राहिले.

फाळके यांना बर्नआउट झाले होते, असे निदान आज करता येणार नाही. पण एक गोष्ट दिसते : माणूस दूर जाऊन ताजातवाना होऊ शकतो, मात्र परतल्यावर कामाची घडी तीच असेल तर तोच ताण पुन्हा उभा राहतो. सुट्टीचा फायदा कामावर परतल्यानंतर काही आठवड्यांतच ओसरतो, असे अभ्यासांतही आढळले आहे.

मग सावरायचे कसे?

पहिली पायरी झोप आणि तपासणीची. त्यानंतर आठवडाभर आपण काय-काय करतो ते कागदावर लिहावे आणि तीन भाग करावेत : फक्त मालकानेच करायची कामे, दुसऱ्याला शिकवता येणारी कामे आणि बंद करता येणारी कामे. बुकिंगचे फोन, माल मोजून घेणे, रोजची नोंद ही दुसऱ्या भागातील कामे. एका वेळी एकच काम सोपवावे आणि ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय त्या व्यक्तीला घेऊ द्यावा. ‘सगळे विचारून करा’ असे सांगितल्यास डोक्यावरचा भार तसाच राहतो.

नवे कर्ज, दुसरी शाखा, भागीदारी तोडणे किंवा धंदा विकणे असे मोठे निर्णय शक्य असल्यास थकव्याच्या भरात घेऊ नयेत. घरच्यांना कर्जाचा खरा आकडा सांगावा. तो एकट्यानेच लपवून वागवणे, हाही भारच.

अडकलेल्या पैशांचे काय?

ताण थकलेल्या बिलांचा असेल तर नुसत्या ध्यानधारणेने भागत नाही. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादक-सेवा उद्योगांना एमएसएमई विकास कायदा, २००६ चा आधार आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. करार नसल्यास मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. तक्रारीसाठी राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच बँकेशी स्वतःहून बोलावे. अडचणीतील लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये दिलेल्या चौकटीत २५ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जदारांना अर्जाची सोय आहे.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत असून मराठीतही बोलता येते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय ही जवळची पहिली दारे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नको वाटत असेल तर एकटे न राहता त्याच क्षणी घरच्यांना सांगावे आणि १४४१६ वर फोन करावा.

सावरत आहोत की नाही, हे कसे कळेल?

आठवड्यातील एक दिवस मालकाचा फोन बंद असताना धंदा चालतो का, हे पाहावे. पहिल्या वेळी दहा गोष्टी अडतील. त्या दहा गोष्टींची यादी म्हणजेच पुढच्या महिन्यात कुणाला काय शिकवायचे, याचा आराखडा.